तुम्ही विचारलंत म्हणून: दोन दिवसांत चांदीची क्ले येते का?

"ताई, दोन दिवसांचं वर्कशॉप केलं की घरी चांदीचे दागिने करता येतात ना?" विदर्भातल्या आमच्या आर्वीच्या बाजारात, बचतगटाच्या बैठकीत, लग्नाच्या पंगतीत, फोनवर, सगळीकडे हाच प्रश्न येतो. विचारणारीने व्हिडिओ पाहिलेले असतात, पुण्या-मुंबईच्या वर्कशॉपची फी तिला पाठ असते, विदर्भ एक्स्प्रेसचं तिकीटही काढून झालेलं असतं. तिला माझ्याकडून फक्त 'हो' हवं असतं. मी ते सरळ देत नाही, म्हणून 'हिला आपल्यात दुसरं कोणी शिकलेलं नको' असंही कानावर आलं आहे. तसं नाही. नीट सांगते.

चांदीची क्ले म्हणजे चांदीच्या पुडीचा मातीसारखा मळलेला गोळा. तो घडवून, वाळवून भाजला की नुसती चांदी उरते. यातलं घडवणं दोन दिवसांत येतं. आपल्या बायकांना तर त्याहून लवकर, कारण लाटण्याचा अंदाज हातात असतोच. क्लेच्या दोन्ही बाजूंना पत्त्यांच्या कॅटातले चार-चार पत्ते ठेवून लाटलं की मिलिमीटरभराहून किंचित जाड पाती मिळते. तळहाताला तेलाचा नुसता पुसट हात. तेल जास्त झालं तर घड्यांमध्ये शिरतं आणि तिथेच पुढे भेग पडते. ठसा उठवायचा, कापायचं, वाळवायचं, ४०० आणि मग ६०० नंबरच्या पॉलिश पेपरने घासायचं. घासताना पडलेली भुकटी फेकायची नाही, तीही चांदीच आहे. पाण्याचे दोन थेंब घालून तिची पेस्ट करायची, जोडाला उपयोगी पडते.

वाळवण्याचं मात्र तिकडचं गणित इकडे चालत नाही. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ला टेकतो. पंख्याखाली उघडी ठेवलेली क्ले हातातला ठसा शोधेपर्यंत कडांना तडकते. तेव्हा पंखा बंद, क्लेचा गोळा पातळ प्लास्टिकमध्ये गुंडाळून पालथ्या स्टीलच्या वाटीखाली, सोबत ओला स्पंज. अॅल्युमिनियमची वाटी नको, ते चांदीला बाधतं. कूलरच्या खोलीत घडवायला सोपं जातं, पण त्याच खोलीत तुकडा पुरता वाळत नाही. वाळला का हे बघायला तुकडा किंचित कोमट करून आरशावर ठेवा आणि लगेच उचला. वाफेचा ठिपका दिसला तर आत पाणी आहे, आणि असा तुकडा आगीत फुगतो किंवा फुटतो. पावसाळ्यात हा ठिपका दोन-दोन दिवस जात नाही.

आता भाजण्याकडे येते, कारण माझी सगळी तक्रार तिथेच आहे.

आमच्या भागातली एक मुलगी मोठ्या शहरातलं वर्कशॉप करून आली. सर्टिफिकेट, हातात धरून गॅसची ज्योत सोडायचा ब्युटेन टॉर्च, क्लेचं पाकीट असं सगळं घेऊन. घरी तिने वहिनीसाठी जोडवी केली. सुबक होती: वर कडुलिंबाच्या पानाचा ठसा, खाली तोंड उघडं, बोटाप्रमाणे दाबून बसवता यावं म्हणून. वहिनीच्या बोटाला ती सैल झाली, म्हणून गावातल्या सोनारकाकांकडे नेली. त्यांनी दोन बोटांनी जरा दाबलं आणि जोडव्याचे दोन तुकडे झाले. काकांनी कडा नखाने खरवडली, भुरभुर पडली. म्हणाले, "बाई, चांदी त हाय, पण इच्यात जीव नाई." गावात मात्र बातमी पोचली ती 'नकली चांदी'ची. त्या मुलीने पुढे टॉर्च हातात घेतला नाही.

ते तुकडे माझ्याकडे आले तेव्हा भिंग लावून बघितले. बाहेरून गुळगुळीत आणि चमकदार, मोडलेल्या जागी आत फिकट, रवाळ, खडूसारखं. उघड्या टोकांकडची कड जरा घट्ट होती. पानाखालचा जाड भाग सगळ्यात कच्चा. पातळ टोकं आधी तापली, जाड भाग मागे राहिला, आणि टोकांकडे बघून भाजणं थांबवलं गेलं.

तिला विचारलं, कुठे भाजलंस? अंगणात, दुपारी, कारण आत कापूस भरलेला होता. हे तिने शहाणपणाचं केलं. वेचणीच्या दिवसांत आपल्या घरांमध्ये खोलीभर कापूस असतो आणि तिथे टॉर्च पेटवायचाच नाही. पण दुपारच्या उन्हात तापलेल्या चांदीचा रंग दिसत नाही. टॉर्चने भाजताना सगळी भिस्त त्या रंगावर असते: आधी धूर आणि लहानशी ज्योत, म्हणजे आतला चिकट पदार्थ जळतो. मग तुकडा पांढरा पडतो. मग फिकट नारिंगी उजेड धरतो. वेळ मोजायला सुरुवात तिथून. तिच्या वर्कशॉपमध्ये खोलीतले दिवे मंद केले होते, पण ते का केले हे सांगितलं नव्हतं. 'पांढरं झालं की झालं' एवढंच तिच्या वहीत होतं. पांढरं तर कच्चा तुकडाही होतो.

ही क्ले म्हणजे चांदीची अगदी बारीक पूड, थोडा चिकट पदार्थ आणि पाणी. जपानमध्ये मित्सुबिशी मटेरियल्सने ती १९९०च्या सुमारास काढली, पाठोपाठ आयदा केमिकलची आर्ट क्ले आली. चांदी वितळते ९६२ अंशांच्या आसपास, क्ले भाजतात त्याच्या बरीच खाली. पूड वितळत नाही. उन्हाळ्यात डब्यातले गुळाचे खडे एकमेकांना धरून बसतात तसे तिचे कण एकमेकांत रुततात आणि मधल्या पोकळ्या मिटत जातात. उष्णता कमी पडली किंवा वेळ कमी पडला तर कण नुसते टेकलेले राहतात. वरून ब्रश फिरवला की असा तुकडाही चकाकतो. म्हणून चकाकीवर जाऊ नका.

घरी तपासायची सोपी रीत आहे. वाळलेला तुकडा कागदावर ठेवून पेन्सिलने त्याची कड आखा. भाजून गार झाल्यावर परत त्याच आखणीवर ठेवा. आजच्या बहुतेक चांदीच्या क्ले आठ ते बारा टक्के आकसतात, म्हणजे ३० मिलिमीटरची पट्टी सत्तावीसच्या आसपास यायला हवी. आखणी जवळजवळ भरली तर भाजणं अपुरं आहे. घाबरू नका, तोच तुकडा पुन्हा भाजता येतो, चांदीचं त्यात काही बिघडत नाही. दुसरी रीत म्हणजे त्याच जाडीची एक फालतू पट्टी सोबत भाजायची आणि पकडीत धरून वाकवायची. नीट भाजलेली वाकते, कच्ची कट्कन मोडते. एका पट्टीची चांदी जाते, पण सोनारकाकांच्या दुकानात मोडण्यापेक्षा ती घरी मोडलेली बरी.

टॉर्च वापरायचाच तर संध्याकाळी, आडोशाला, वाऱ्यापासून दूर. खाली भट्टीची हलकी पांढरी वीट हवी. शहाबादी फरशी किंवा सिमेंट नको, ते तापून उडतं. तुकडा २५ ग्रॅमच्या आत. पाकिटावर लहान तुकड्याला दीड-दोन मिनिटं लिहिलेली असतात. मी नारिंगी रंग धरल्यापासून पाच मिनिटांपर्यंत धरायला सांगते, ज्योत सतत फिरती ठेवून, जाड भागाकडे जास्त लक्ष देऊन. पृष्ठभाग आरशासारखा लकाकायला लागला तर ज्योत त्याच क्षणी मागे घ्या, तो वितळायच्या बेतात असतो.

पूर्वी मीच सगळ्यांना सांगायची की टॉर्च पुरतो, विजेच्या भट्टीचं खूळ डोक्यात घेऊ नका. ते मी गावातल्या बायकांच्या पैशाकडे बघून सांगत होते, आणि ते कारण आजही तितकंच खरं आहे. आज म्हणते, कानातल्यासाठी, पदकासाठी टॉर्च पुरतो. अंगठीला, जोडव्याला, रोज दाब येणाऱ्या कशालाही भट्टी हवी, ९०० अंशांवर दोन तास. मग तुम्ही लगेच विचारता, वीज गेली तर? वीज जातेच. चांदीचं भाजणं मध्येच थांबलं तर दुसऱ्या दिवशी पहिल्यापासून लावता येतं. तांब्याच्या बहुतेक क्लेचं तसं नाही. ती आधी उघडी भाजून चिकट पदार्थ जाळायची, मग झाकणाच्या स्टेनलेस स्टीलच्या डब्यात नारळाच्या करवंटीच्या अॅक्टिव्हेटेड कोळशात पुरून भाजायची. उघड्या हवेत तांबं काळं पडून पापुद्रे धरतं आणि कण जुळतच नाहीत. स्वस्त म्हणून तांब्यापासून सुरुवात करायला सांगणाऱ्यांनी हे आधी सांगायला हवं.

तर, जाऊ की नको? जा. फी भरायच्या आधी मात्र तीन गोष्टी विचारा. आमचा तुकडा आम्ही स्वतः भाजणार की तुम्ही रात्री भट्टीत घालून सकाळी हातात देणार? आकसण्याचं माप करून दाखवणार का? भाजलेला तुकडा आमच्यासमोर वाकवून, मोडून दाखवणार का? तिसऱ्या प्रश्नाला जे कां-कूं करतात त्यांच्याकडे मुलीला पाठवू नका, त्यांचे फोटो कितीही देखणे असोत. महागडी क्ले जाताना विकत घेऊ नका. हात बसेपर्यंत घट्ट कणकेवर पत्ते लावून लाटा.

आणि वर्कशॉपहून आल्यावर आधी सोनाराकडे जा. आपल्याकडे सोनार आणि क्ले करणाऱ्या बायका, या दोघांचं उगीच वाकडं धरलेलं आहे. ज्यांना मुशीतली चांदी, टाकणखार आणि फुंकणी कळते त्यांना तापलेल्या धातूचा रंग आपल्यापेक्षा लवकर कळतो. भाजताना काकांना शेजारी बसवा. जोडाला डाग (झाळण) कसा द्यायचा, रिठ्याच्या पाण्याने कसं धुवायचं, हे तेच सांगतील. नीट भाजलेली क्ले हीही ९९९ची चांदीच, मुशीत टाकली तर इतर चांदीसारखीच वितळते, हे एकदा त्यांच्या हाताने होऊ द्या. 'नकली'चा प्रश्न गावात दुसऱ्या कुठल्याही मार्गाने सुटणार नाही.

राहिलं जोडव्याचं. शुद्ध चांदी मऊ असते. नीट भाजलेलं जोडवंही शेतात चालणाऱ्या पायात वाकणार, झिजणार, आणि काकांचं तांबं मिसळलेल्या चांदीचं जोडवं त्याहून टिकणार. म्हणून ते करूच नका, असं सांगावंसं वाटतं. पण विदर्भातल्या खेड्यात बायका सगळ्यात आधी मागतात ते जोडवंच, पदकाला गिऱ्हाईक नाही. दोन मिलिमीटर जाडीचं, भट्टीत पूर्ण भाजलेलं, 'रोज घालू नका, सणाला घाला' असं सांगून विकावं का, यावर मी आणि सोनारकाका अजून भांडतो आहोत. तुमच्याकडे कोणी तसं रोज वापरत असेल तर किती महिने टिकलं आणि कुठे मोडलं, तेवढं कळवा. तुकडे असतील तर तेही पाठवा.