टाकी धुण्याचं काम सोपवताना

मुंबईतल्या सोसायट्यांची कमिटी बऱ्याचदा ११ जणांची असते, आणि धावपळ एकटा सेक्रेटरी करतो. 'कोणी पुढे येत नाही' ही तक्रार अर्धीच खरी. जो पुढे येतो त्याला काम नीट हातात मिळत नाही, म्हणून तोही थोड्याच दिवसांत मागे सरतो.

पाण्याच्या टाक्यांचंच घ्या. "पावसाळ्याआधी टाक्या धुऊन घ्या हं" एवढंच सांगितलं, तर तो माणूस पावलोपावली फोन करणार. कोणाला बोलावू? किती देऊ? वार कुठला ठेवू? तिसऱ्या फोनला सेक्रेटरी म्हणतो, "राहू दे, मीच बघतो."

त्यापेक्षा आधीच लिहून द्या. काय झालेलं हवं: ३१ मेच्या आत खालची आणि गच्चीवरची, दोन्ही टाक्या धुतलेल्या, झाकणं घट्ट आणि कुलूपबंद, आतले फोटो काढलेले. पैसे: कमिटीने मंजूर केलेल्या रकमेत ठेकेदार तुम्हीच ठरवा, मला विचारू नका. मला कधी विचारायचं: रक्कम वाढली किंवा टाकीला तडा दिसला तरच. आणि पहिली खबर कोणत्या तारखेला द्यायची.

अटींची कारणंही लिहा, कारण नव्या माणसाला ती ठाऊक नसतात. पालिकेचं पाणी ठरावीक वेळेलाच येतं. ती वेळ धरून दिवस आखला नाही, तर एक तर भरलेली टाकी ओतून द्यावी लागते, नाही तर पुढचं पाणी येईपर्यंत इमारत कोरडी. म्हणून बोर्डावर नोटीस दोन दिवस आधी. झाकण सैल राहिलं तर डास होतात आणि पालिकेच्या कीटकनाशक विभागाची नोटीस येते. सगळ्यात महत्त्वाचं, बंद टाकीत प्राणवायू कमी असू शकतो. झाकणं आधीपासून उघडी ठेवायची, हवा तपासल्याशिवाय कोणी उतरायचं नाही आणि वर कायम एक माणूस उभा हवा. इथे काटकसर चालणार नाही.

मग काम कोणाकडे दिलं ते ग्रुपवर जाहीर करा: "पाण्याचं काहीही असलं तर यापुढे दुसऱ्या मजल्यावरच्या काकूंना सांगा." हे बहुतेक जण विसरतात. तक्रार तुमच्याकडे आली तरी उत्तर देऊ नका, काकूंकडे पाठवा. रात्री ११ वाजता तुम्ही परस्पर प्लंबरला फोन केलात, तर काकूंच्या शब्दाला किंमत उरत नाही.

सगळंच सोपवता येत नाही. चेकवरची सही, ३० सप्टेंबरच्या आत घ्यायची वार्षिक सभा ही कामं स्वतःच्या नजरेखाली ठेवा. जानेवारी आणि जुलैत अग्निशमन दलाला द्यायच्या फॉर्म बीसाठी (आग विझवण्याची यंत्रणा चालू असल्याचा दाखला) परवानाधारक एजन्सीचा पाठपुरावा दुसऱ्याकडे द्या, पण पोच स्वतः बघा.

स्वतःला सवय एकच लावा. रविवारी सकाळी अर्धा तास, एक वही, तीन रकाने: काम, कोणाकडे, पुढची तारीख. तारखेशिवाय एकही ओळ नको. तारीख आली की विचारा, त्याआधी नाही. रोज विचारलं की माणूस तुमच्या फोनचीच वाट बघत बसतो.

तारीख चुकलीच, तर काम लगेच ओढून घेऊ नका. कुठे अडलं ते विचारा. ठेकेदार मिळेना, की पैसे कमी पडले, की वेळच नाही? पहिल्या दोन्हीत मदत करा. वेळच नसेल तर काम दुसऱ्याला द्या आणि तेही ग्रुपवर सांगा.