बेळगाव ते ठाणे : जाताना सांबऱ्याहून, येताना हायवेनं

विमानानं मुंबई बेळगावपासून तासा-सव्वातासावर आली, हे खरंच आहे. पण माझं काम ठाण्यात होतं आणि ठाण्यात विमान उतरत नाही.

बेळगावातल्या टिळकवाडीतून सांबरा विमानतळ दहा-बारा किलोमीटर. गोगटे सर्कलची गर्दी धरून रिक्षाला अर्धा तास. हा विमानतळ 1942 सालचा, दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिशांनी बांधलेला. वायुदलाचं प्रशिक्षण केंद्र आजही शेजारीच आहे. प्रवाशांसाठीची नवी इमारत 2017 ची. तपासणीच्या पट्ट्यावर माझ्या पिशवीतला डबा मशीनमध्ये थबकला. जवानानं झाकण उघडून पाहिलं आणि हसला, "कुंदा?" ही बेळगावची खास मिठाई; इथल्या विमानतळावर त्याला दिवसाला किती डबे उघडावे लागत असतील कोण जाणे.

विमान लहानसं, एका बाजूला एकच सीट. सरळ रेषेत मोजलं तर सांबरा ते मुंबई जेमतेम चारशे किलोमीटर. रस्त्यानं तेच पाचशेच्या घरात जातं. खिडकीतून खाली सह्याद्रीच्या रांगांमध्ये बोटं पसरल्यासारखा निळा जलाशय दिसला. कोयनेचा शिवसागर! ही रेषा त्याच्या डोक्यावरूनच जाते. हायवेनं जाताना आपण कराडवरून पुढे सटकतो, कोयनेचं धरण कधी दिसत नाही. तिकिटाचे निम्मे पैसे मला तिथंच वसूल झाल्यासारखे वाटले.

उतरल्यावर मात्र बॅग, टॅक्सी आणि ठाण्यापर्यंतची रांगच रांग. घराच्या दारापासून कामाच्या दारापर्यंत पाच तास सहज गेले. त्यातला विमान हवेत असलेला वेळ तेवढा सोडला, तर बाकी सगळं वाट बघणंच.

येताना रात्रीची स्लीपर बस धरली. खंडाळा, खंबाटकी झोपेतच गेले. साताऱ्याच्या पुढे सहापदरीकरणामुळे बस सारखी सर्व्हिस रोडवर उतरायची, तेव्हा जाग यायची. कागल गेलं, दूधगंगेचा पूल ओलांडला आणि कोगनोळीपासून पाट्यांवर कन्नड आलं. निपाणी, तवंदी घाट, संकेश्वर, हत्तरगी, काकती. काकतीला उजाडलं होतं. साडेदहा तास लागले, तेही रस्ता बरा होता म्हणून. 2019 च्या ऑगस्टमध्ये यमगर्णीजवळ वेदगंगेचं पाणी हायवेवर आलं होतं, तेव्हा हा रस्ता कित्येक दिवस बंदच होता.

मुंबईला जायचं तर मी विमानच घेईन. पुण्याचं गणित वेगळं. रस्त्यानं साडेतीनशेच्या आत, सकाळी लवकर निघालं तर जेवायला पुण्यात. त्यासाठी तास-दीड तास आधी सांबऱ्याला जाऊन बसण्यात अर्थ नाही.

आणि निपाणीकरांचं तर तिसरंच. तिथून सांबरा ऐंशीच्या पुढे, कोल्हापूरचा उजळाईवाडी विमानतळ त्याच्या जवळपास निम्म्यावर. निपाणीच्या आत्याला मी विमानाचं कौतुक सांगत होतो, तर ती म्हणाली, "अरे, मुंबईला जायला आधी बेळगावला कशाला उलटं यायचं? आम्ही कोल्हापूरलाच चढतो की!"

तिकीट काढताना ती राज्य बघत नाही, टोलनाके मोजते.