मराठी पुस्तक मराठीत शोधता येईपर्यंत

ग्रंथालयाचं सॉफ्टवेअर बदलायचं ठरलं की बैठकीत चर्चा होते ती किंमत, सर्व्हर आणि बारकोड स्कॅनरची. आमच्या समितीची इतिवृत्तं काढून बघितली तर त्यातही हेच आहे. जुन्या प्रणालीत मराठी पुस्तकांची नावं नेमकी कुठल्या रूपात साठवलेली आहेत, हा प्रश्न त्यात एकदाही आलेला नाही. पुढे आमचं सगळं काम अडलं ते याच प्रश्नापाशी, आणि त्याचा राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही. म्हणून सविस्तर लिहितेय. दुसऱ्या एखाद्या ग्रंथपालाचा त्रास यामुळे वाचला तर मला मनापासून आनंद होईल.

मी एका विद्यापीठात सहायक ग्रंथपाल आहे. पाटीवर 'ज्ञानस्रोत केंद्र' असं लिहिलंय, पण सगळे लायब्ररीच म्हणतात. आमचं जुनं सॉफ्टवेअर नव्वदच्या दशकातलं. विंडोजची नवी आवृत्ती आली की ते बंद पडायचं, देखभालीचा करार दरवर्षी महाग व्हायचा, आणि पुस्तकांचा शोध फक्त ग्रंथालयातल्या संगणकांवर चालायचा. वसतिगृहातून मोबाइलवर बघायची सोय नव्हती. नवीन म्हणून आम्ही कोहा निवडलं. न्यूझीलंडमधल्या होरोव्हेनुआच्या सार्वजनिक ग्रंथालयांसाठी ते तयार झालं आणि जानेवारी २००० मध्ये वापरात आलं. ते मुक्तस्रोत असल्यामुळे परवान्याचे पैसे नाहीत, आणि नोंदी मार्क २१ या जगभर चालणाऱ्या साच्यात राहतात. म्हणजे उद्या पुन्हा बदलायची वेळ आली तर आपला डेटा आपल्याच हातात. मला हे शेवटचं कारण सगळ्यात महत्त्वाचं वाटत होतं, कारण तोवर जुन्या कंपनीशी आमचा पत्रव्यवहार सुरू झाला होता.

आम्ही डेटा मागितला, तर कंपनीने छापील अहवालांच्या पीडीएफ पाठवल्या. पुन्हा मागितला, तर त्यांच्याच सॉफ्टवेअरमध्ये उघडणारा बॅकअप पाठवला. शेवटी कुलसचिवांच्या सहीचं पत्र गेलं, देखभालीचं शेवटचं बिल रोखून धरलं, तेव्हा कुठे उघडता येतील असे तक्ते मिळाले. करार करतानाच 'करार संपल्यावर सर्व नोंदी खुल्या स्वरूपात परत द्याव्यात' असं कलम घालून घ्या. जुन्या करारात ते नसेल तर शेवटचं बिल हातचं सोडू नका.

इंग्रजी नोंदींनी काही त्रास दिला नाही. मार्कएडिट नावाचं मोफत साधन आहे, त्यात एकदा रकाने जुळवले की शीर्षक २४५ क्रमांकाच्या रकान्यात, लेखक १०० मध्ये आणि प्रतीची माहिती ९५२ मध्ये आपोआप जाऊन बसते. सभासद, येणी, दंड हेही दिवाळीच्या सुट्टीत देवघेव बंद ठेवून उरकलं.

मग मराठी नोंदींची फाइल उघडली. पडद्यावर डोक्यावर टोपी किंवा दोन टिंबं असलेली युरोपी अक्षरं, मध्येच पौंडाचं चिन्ह, मध्येच एखादा कंस. कंपनीला फोन केला, तर उत्तर मिळालं, "मॅडम, डेटा बरोबर आहे. आमचा फॉन्ट टाका, सगळं दिसेल."

फॉन्ट टाकल्यावर दिसलं, हे खरं. पण फक्त दिसलं. युनिकोड, म्हणजे प्रत्येक लिपीतल्या प्रत्येक अक्षराला स्वतःचा ठरलेला क्रमांक देणारी जागतिक पद्धत, सर्रास वापरात येण्याआधी आपल्याकडे बहुतेक मराठी मजकूर असाच टाइप व्हायचा: इंग्रजी अक्षरांसाठी राखलेल्या जागांवर देवनागरीचे आकार बसवायचे, आणि फॉन्टने ते दाखवायचे. संगणकाच्या लेखी तिथे 'क' नसतो, एका विशिष्ट फॉन्टमध्ये क सारखा दिसणारा आकडा असतो. आज मोबाइलवर कुणी 'शिवाजी' टाइप केलं तर तो शब्द या नोंदींना कधीच जुळणार नाही.

संगणक विभागाचं म्हणणं पडलं की आधी इंग्रजी सुरू करू या, मराठीचं दुसऱ्या टप्प्यात बघू. समितीतल्या इतरांनाही ते पटलं. मला नाही पटलं. दुसऱ्या टप्प्याला ना निधी होता ना तारीख, आणि असे टप्पे पुढे कुणाच्याच आठवणीत राहत नाहीत हे नोकरीत मी पुरेसं पाहिलंय. आमच्याकडे मराठी, इतिहास, समाजशास्त्र, लोकप्रशासन या विभागांची मुलं प्रामुख्याने मराठीत वाचतात, मराठीत प्रबंध लिहितात. त्यांचीच पुस्तकं शोधात सापडणार नसतील, तर ग्रंथालय नव्या प्रणालीवर गेलं असं म्हणायचं कुणाच्या जिवावर? काम पूर्ण झाल्याच्या दाखल्यावर माझी सही लागणार होती. मराठी नोंदी शोधात येईपर्यंत ती मिळणार नाही, असं मी लेखी कळवलं. त्या पत्रामुळे बरीच बोलणी खाल्ली, पण आजही मला त्याचा अभिमान आहे.

आता ज्यांना हेच काम करायचंय त्यांच्यासाठी. आधी आपल्या नोंदींचे गट पाडा. आमच्याकडच्या सगळ्यात जुन्या नोंदी इस्कीमध्ये निघाल्या. इस्की हे भारतीय लिप्या संगणकात साठवण्याचं १९९१ चं भारतीय मानक. त्यात अक्षरं उच्चाराच्या क्रमाने साठवतात, आणि युनिकोडचा देवनागरी विभागही इस्कीच्याच धर्तीवर बेतलेला आहे. त्यामुळे त्या सहज बदलल्या. त्यानंतरच्या, फॉन्टमध्ये भरलेल्या नोंदींनी जीव काढला.

कारण फॉन्टमधला क्रम डोळ्याला दिसतो तसा असतो. पहिली वेलांटी व्यंजनाच्या आधी दिसते म्हणून आधी साठवलेली, युनिकोडला मात्र ती व्यंजनानंतर लागते. बरं, एका अक्षराच्या पुढे सरकवून भागत नाही. 'स्थिती'मध्ये तिला अख्ख्या 'स्थ'च्या पलीकडे न्यावं लागतं. रफाराचं नेमकं उलटं: तो शेवटी साठवलेला, आणि युनिकोडमध्ये आधी यायला हवा. 'वार्षिक' या शब्दात दोन्ही एकत्र येतात. वेलांटी 'ष'नंतर जायची आणि रफार 'ष'च्या आधी यायचा, आणि दोघांमधलं एकच 'ष' कुणाचं हे प्रोग्रामला कळायला हवं. वार्षिक अहवाल हा प्रकार विद्यापीठात केवढा असतो! ते सगळे मोडून आले.

शिवाय त्या फॉन्टमध्ये पूर्ण 'प' नव्हताच. अर्धा 'प' आणि त्याला जोडलेला काना मिळून 'प' व्हायचा, आणि तोच काना दोनदा आला की 'पा'. 'ओळख'मधला 'ओ' काही ठिकाणी सरळ 'ओ' होता, तर काही ठिकाणी ऑपरेटरने 'अ'ला काना आणि मात्रा देऊन बनवलेला. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, शोधात मात्र वेगळे ठरतात. भरीला एकाच शीर्षकात मराठी आणि इंग्रजी: इंग्रजी शब्द फॉन्ट न बदलता तसेच टाइप केलेले. रूपांतर केलं की त्या इंग्रजीचंही देवनागरी व्हायचं, आणि काहीच्या काही शब्द तयार व्हायचे.

रूपांतर करून देणाऱ्या वेबसाइट आहेत, पण त्या ठरावीक फॉन्टांसाठी. आमच्या कंपनीने फॉन्टमध्ये स्वतःचे फेरफार केले होते, आणि त्याचा तक्ता मागितला तर तो देता येणार नाही असं कळलं. मग तक्ता आम्हीच बनवला. संगणकशास्त्र विभागातल्या एका प्राध्यापकांनी आणि त्यांच्या मुलांनी प्रत्येक आकडा घ्यायचा, त्या फॉन्टमध्ये तो कसा दिसतो ते मी बघायचं आणि समोर युनिकोडचं अक्षर लिहायचं. त्यानंतर वेलांटी आणि रफार हलवायचे नियम. मुलांनी हे काम परीक्षा तोंडावर असताना केलं. त्यांच्या नावाचं आभारपत्र मी कुलगुरूंच्या सहीने काढून घेतलं.

तपासणी कपाटासमोर उभं राहूनच करावी लागते, खोलीत बसून जमत नाही. आमचे परिचर काका पुस्तक काढून नाव वाचायचे, मी लॅपटॉपवर ताडून बघायचे. एकदा ते थबकले, म्हणाले, "मॅडम, हे नाव बरोबर दिसतंय खरं, पण कर्सर नेऊन बघा." कर्सर नेला तर 'कीर्ती'च्या आत एक मोकळी जागा. रूपांतरात रफाराच्या मागे शिल्लक राहिलेली. डोळ्याला ती दिसत नव्हती, शोधाला मात्र 'की' आणि 'र्ती' असे दोन शब्द दिसत होते. त्यांनी तसं सुचवलं नसतं तर अशा नोंदी तशाच आत गेल्या असत्या. त्यानंतर आम्ही शब्दाच्या सुरुवातीला आलेली वेलांटी, लागोपाठ दोन मात्रा, एकटा रफार अशा अशक्य जागा शोधून काढणारी यादीच केली. नजरेने तपासण्यापेक्षा त्या यादीने जास्त चुका पकडल्या.

नोंदी कोहात गेल्या, आणि मी सुटकेचा श्वास टाकला. मग मी शोधात 'पुणे' टाकलं. ज्या ज्या शीर्षकात 'पण' होतं ती सगळी पुस्तकं समोर आली. कोहा शोधासाठी झेब्रा नावाचा शोधप्रोग्राम वापरतं, आणि झेब्राचे अक्षरं हाताळायचे नियम आपण ठरवून द्यायचे असतात. आमच्याकडे ज्याने ते बसवले त्याने फ्रेंच-जर्मन अक्षरांवरची चिन्हं काढून टाकायचा नियम घातला होता. युनिकोडच्या वर्गीकरणात आपला उकार, मात्रा, अनुस्वार आणि हलन्त हे त्याच गटात येतात. उकार गेला, मात्रा गेली, आणि 'पुणे'चं 'पण' झालं. काना आणि वेलांट्या वेगळ्या गटात असल्याने 'पाणी' मात्र बिनचूक सापडत होतं. त्यामुळे मूळ कारण लक्षात यायला फार वेळ गेला. मराठीसाठी झेब्रात आयसीयूचे (युनिकोड मजकूर हाताळणाऱ्या प्रोग्रामसंचाचे) नियम लावा आणि त्यातून हा चिन्हं काढायचा नियम वगळा. नियम बदलल्यावर शोधाची अनुक्रमणिका (इंडेक्स) संपूर्ण नव्याने बनवावी लागते, नाहीतर काही बदललंच नाही असं वाटतं.

तेवढ्यात पीएच.डी. करणारी एक मुलगी आली. "मॅडम, शेतकऱ्यांवर आपल्याकडे एकही पुस्तक नाही?" कपाटं भरलेली होती. गोष्ट अशी की 'ऱ्य' दोन प्रकारे लिहिता येतो: साध्या 'र'ला हलन्त आणि एक अदृश्य जोडचिन्ह देऊन, किंवा खालच्या टिंबाचा 'ऱ' वापरून. आमच्या रूपांतराने पहिला प्रकार वापरला होता, तिच्या मोबाइलच्या कीबोर्डने दुसरा. शेतकऱ्यांचे, कादंबऱ्या, ऱ्हास असे कितीतरी शब्द त्यामुळे शोधाबाहेर होते. 'ॲरिस्टॉटल'चंही तेच. त्यातला 'ॲ' युनिकोडमध्ये स्वतंत्र अक्षर म्हणून २००८ मध्ये आला, त्याआधीचे लोक 'अ'वर चंद्र देतात किंवा हिंदीतला 'ऍ' वापरतात. दोन्ही बाबतींत आम्ही झेब्राच्या नियमांतच सगळी रूपं एकावर आणली. हे नियम अनुक्रमणिका बनताना आणि वाचकाचा शब्द शोधताना, दोन्ही वेळी लागू होतात. त्यामुळे कुणी कसंही टाइप केलं तरी पुस्तक सापडतं. त्या मुलीला मी स्वतः फोन करून बोलावलं.

पुस्तकं आणि प्रबंध एकाच चौकटीतून शोधता यावेत म्हणून आम्ही वर व्हूफाइंड नावाचं शोधाचं सॉफ्टवेअर बसवलं. त्याचा शोध सोलर या वेगळ्या शोधप्रोग्रामवर चालतो, झेब्राचे नियम तिथे लागू होत नाहीत. म्हणून हीच सगळी परीक्षा तिथे पुन्हा घ्यावी लागली. एक शब्दयादी करून ठेवा: पुणे, पण, वार्षिक, स्थिती, कीर्ती, शेतकऱ्यांचे, ऱ्हास, ओळख, ॲरिस्टॉटल. प्रत्येक अपडेटनंतर हे शब्द टाकून बघा. निविदेच्या अटींमध्येच ही यादी घातलीत तर आणखी बरं, बसवून देणाऱ्याला मग पळवाट राहत नाही.

आधी सांगायचं राहिलं: तक्ते एक्सेलमध्ये उघडताना दाखलअंकाचा (प्रत्येक प्रतीच्या नोंदणी क्रमांकाचा) रकाना मजकूर म्हणूनच उघडा. नाहीतर सुरुवातीची शून्यं उडतात आणि बारकोड जुळत नाहीत. भाषेचा कोड प्रत्येक नोंदीत भरा, कारण मराठी, हिंदी आणि संस्कृत तिन्ही देवनागरीतच, आणि कोडशिवाय ती वेगळी काढता येत नाहीत. रोमनमध्ये लिहिलेली जुनी शीर्षकं पुसू नका, पर्यायी शीर्षकाच्या २४६ या रकान्यात ठेवा. इंग्रजी कीबोर्डवरून मराठी नाव शोधणारी मुलं पुष्कळ आहेत.

मराठी नोंदी शोधात आल्या आणि मग मी त्या दाखल्यावर सही केली. जुना सर्व्हर लगेच भंगारात काढायचा आग्रह होईल, तो मान्य करू नका. फॉन्टसकट, बदल करता येणार नाहीत असा करून ठेवा. आणि दाखल नोंदवह्या तर अजिबात हलवू देऊ नका. काही शीर्षकांत फॉन्टनेच अक्षरं गिळली होती, कुठलाही प्रोग्राम ती परत आणू शकत नव्हता. तिथे नोंदवहीतल्या हस्ताक्षराशिवाय दुसरा पुरावा नाही. त्या नोंदी काका आणि मी दुपारच्या वेळात अजून भरतोय.