डिस्चार्जनंतरची वही: तीन ओळी पुरतात

मानसिक आजारासाठी रुग्णालयात दाखल असताना वॉर्डात उठणं, जेवण, गोळ्या सगळं ठरल्या वेळी होतं. घरी आल्यावर दिवस अंगावर येतो, आणि याच काळात छोटीशी वही फार कामी येते. जाडजूड डायरी आणून 'रोज पानभर लिही' म्हटलं, की लिहिणं बंद पडलंच म्हणून समजा. रोज तीन ओळी, पाच मिनिटं, बस.

पहिल्या ओळीत आज झालेली एक बरी गोष्ट, दुसऱ्या ओळीत ती कशामुळे झाली, तिसऱ्या ओळीत उद्याचं एक छोटं काम. यातलं 'कशामुळे' गाळू नका. 'आईबरोबर चहा झाला' एवढंच लिहिलं तर ती नुसती नोंद राहते. 'सात वाजता उठून स्वयंपाकघरात गेलो, म्हणून आईबरोबर चहा झाला' यात तुमचा हात दिसतो. मानसशास्त्रज्ञ मार्टिन सेलिगमन आणि सहकाऱ्यांच्या 2005 च्या अभ्यासात रोज तीन चांगल्या गोष्टी कारणांसह लिहायच्या होत्या आणि त्याचा चांगला परिणाम सहा महिन्यांनीही दिसला. मात्र ते लोक इंटरनेटवरून सहभागी झालेले होते, नुकतेच रुग्णालयातून आलेले नव्हते. म्हणून इथे एकच गोष्ट पुरे.

नैराश्यात 'चांगलं' काही सापडत नाही आणि त्याचाच अपराधीपणा येतो. अशा दिवशी 'दाढी केली', 'दोन पोळ्या खाल्ल्या' एवढं लिहा. ते खरं आहे, म्हणून चालतं. घरच्यांनी 'चांगलंच लिही' असा धोशा लावू नये. आजारपणातले भयंकर प्रसंग एकट्याने उकरू नका, ते समुपदेशकासमोर बोला.

रात्रीच्या गोळीने गुंगी येत असेल तर जेवण झाल्या झाल्या, गोळीआधी लिहा. लिथियम या मनःस्थिती स्थिर ठेवणाऱ्या औषधाने हात थरथरू शकतो, काही औषधांनी अक्षर बारीक होत जातं. गोळी स्वतःहून बंद करू नका, ते पानच डॉक्टरांना दाखवा.

बायपोलर (मन कधी फार उदास, तर कधी अति उत्साही होण्याचा आजार) असेल तर एक खूण ध्यानात ठेवा: तीन ओळींची दहा पानं व्हायला लागली, झोप तीन-चार तासांवर आली आणि तरी ताजंतवानं वाटतंय, तर पुढच्या तारखेची वाट न बघता डॉक्टरांना फोन करा. जीव नकोसा वाटला तर ते वहीत ठेवू नका. त्याच क्षणी माणसाला सांगा, किंवा टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या 14416 वर बोला. ही सेवा मोफत आहे, चोवीस तास.

वही घरच्यांनी वाचायची नाही. झोपेचे तास आणि गोळ्यांच्या खुणा मागच्या पानांवर करा. फॉलोअपला तेवढीच पानं पुढे करता येतात.