पहिला बल्ब वीज खातो

पाचवीचा वर्ग, विषय विद्युत परिपथ. २४ मुलं, चौघांचे सहा मूळ गट. विषयाचे चार भाग, गटातल्या प्रत्येक मुलाला एक. सहाही गटांतली एकाच भागाची मुलं उठून एका टेबलाशी जमतात, तो त्यांचा तज्ज्ञ गट; तिथे प्रत्येक मूल आपला भाग शिकतं आणि मूळ गटात परत येऊन तिघांना शिकवतं. ही जिगसॉ पद्धत एलियट अ‍ॅरन्सन यांनी १९७१ साली अमेरिकेतल्या ऑस्टिनच्या शाळांत सुरू केली, तीही वेगवेगळ्या वंशांच्या मुलांमधली तेढ कमी व्हावी म्हणून.

चार मुलं एका टेबलाभोवती बसवली की गटकार्य झालं, असं मानणाऱ्या शिक्षकांचा मला राग येतो. तिथे एक मूल लिहितं, बाकीची बघत बसतात. जिगसॉत ते चालत नाही, कारण प्रत्येकाला जे ठाऊक असतं ते गटात दुसऱ्या कुणालाच ठाऊक नसतं. त्या दिवशी नेमकं हेच अंगाशी आलं.

एकसर जोडणीच्या टेबलावर एकाच तारेत एकामागोमाग जोडलेले दोन बल्ब होते. सेलच्या धन टोकाकडचा लख्ख, दुसरा मंद. सहाही तज्ज्ञांचं एकमत झालं: पहिला बल्ब वीज खातो, उरलेली दुसऱ्याला मिळते. मी तेव्हा वाहक-रोधकांच्या टेबलापाशी होते. दहा मिनिटांत ही चूक सगळ्या वर्गात पोचली.

एका गटात एक मुलगी म्हणाली, "बल्बांची अदलाबदल करून बघितलीस का?"

"या भागाचा तज्ज्ञ मी आहे, तू नाहीस," शिकवणारा मुलगा म्हणाला.

मी मागेच उभी होते. माझं लक्ष घड्याळाकडे होतं.

तास संपल्यावर बल्ब हातात घेतले. एकावर ०.३ अँपिअर, दुसऱ्यावर ०.२. एकसर जोडणीत दोन्हींतून प्रवाह सारखाच जातो, ०.२ वाल्याचा रोध, म्हणजे प्रवाहाला होणारा अडथळा, जास्त, म्हणून तो जास्त उजळतो. मांडताना मी ते आकडे वाचलेच नव्हते. दुसऱ्या दिवशी वर्गासमोर जागा बदलल्या, तर उजेडही बल्बाबरोबर पलीकडे गेला. "बाई, मी तिघांना चुकीचं शिकवलं," असं म्हणत तो मुलगा रडवेला झाला. ती चूक त्याची नव्हती, माझी होती, हे त्याला पटायला बराच वेळ गेला.

पण बल्बांपेक्षा मला दुसरंच सलतं. सगळं साहित्य मी तज्ज्ञ गटांच्या टेबलांवर ठेवलं होतं. मूळ गटात परतलेल्या मुलांजवळ फक्त शब्द होते. त्या मुलीने अचूक प्रयोग सुचवला, आणि तो करून बघायला तिच्यासमोर ना सेल होता, ना तार.