परदेशातली पोस्टिंग: आदेश निघाल्यानंतरची कामं

मी भारतीय परराष्ट्र सेवेत आहे. सुट्टीवर सोलापूरला आलं की पहिला प्रश्न ठरलेला: "मग, यंदा कुठला देश मागितला?" मागता येतो. रिकाम्या होणाऱ्या जागांची यादी निघते, आपण पसंती कळवतो. पहिल्या वेळी मात्र शिकण्यासाठी वाट्याला आलेली परदेशी भाषा जिथे बोलतात तिथे थर्ड सेक्रेटरी, म्हणजे दूतावासातला कनिष्ठ अधिकारी, म्हणून जायचं. भाषेची परीक्षा पास झाल्याशिवाय नोकरी कायम होत नाही. पुढे साधारण तीन-तीन वर्षं, खडतर ठिकाणी दोन. आदेश हातात पडल्यावर काय करायचं हे मात्र कोणी धड सांगत नाही, म्हणून हे लिहितोय.

पहिलं दुखणं नावाचं. राजनैतिक पासपोर्ट मरून रंगाचा, तो दिल्लीत पतियाळा हाऊसमधून निघतो, बायकोमुलांचाही. आपल्याकडे बोर्डाच्या सर्टिफिकेटवर आडनाव आधी, बायकोच्या कागदांवर माहेरचं नाव, मुलाच्या दाखल्यावर बापाचं स्पेलिंग वेगळंच. सोलापुरात असतानाच महापालिकेतून इंग्रजी नावासह जन्मदाखला घ्या आणि सगळे कागद शेजारी ठेवून अक्षर अन् अक्षर जुळवा. नाहीतर तुम्ही दिल्लीत आणि खेटे भावाला.

व्हिसासाठी परराष्ट्र मंत्रालय त्या देशाच्या दूतावासाला नोट व्हर्बाल पाठवतं. नावाचा अर्थ 'तोंडी', पण असतो कागदच: मजकूर तृतीय पुरुषात, खाली सहीऐवजी आद्याक्षरं आणि शिक्का. पासपोर्टचा एक आकडा चुकला की नवी नोट, म्हणून मसुदा स्वतः वाचा. यजमान देशाची आगाऊ संमती, म्हणजे आग्रेमाँ, राजदूतासाठी लागते. आपल्यासारख्यांना सहसा नाही.

खरी गंमत सामानात. पॅकर काहीही म्हणो, यादी खोक्यागणिक करा: 'खोका 7: चादरी 6, टॉवेल 10, पितळी डबे 4'. नुसतं 'घरगुती सामान' लिहिलं की प्रश्न सुरू. लाकडी पेटी ओळखीच्या सुताराकडून करून घेऊ नका. परदेशी जाणाऱ्या पॅकिंगच्या लाकडाचा गाभा 56 अंश सेल्सिअसला सलग 30 मिनिटं तापवलेला किंवा दुसरी मान्य प्रक्रिया केलेला लागतो, आणि तसा शिक्का पेटीवर असतो. त्यात गव्हाच्या ओंबीसारखं चिन्ह दिसतं. ते नसेल तर पेटी बंदरातच अडते, कारण लाकडातून किडे जातात. तिथे तुमचा हुद्दा बघत नाहीत.

शेंगाचटणीचंही तेच. राजनैतिक संबंधांवरच्या 1961 च्या व्हिएन्ना कराराच्या कलम 36 नुसार आपलं वैयक्तिक सामान तपासत नाहीत, पण क्वारंटाइनखाली येणारी, म्हणजे कीड-रोगाच्या भीतीने निर्बंध असलेली, वस्तू आत असल्याचं सबळ कारण असेल तर आपल्यासमोर उघडू शकतात. ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडला जाताना खाण्याचं सगळं फॉर्मवर लिहून टाकायचं. कडक भाकरी पिशवीत घातली तर पोचेपर्यंत चुरा. उभ्या स्टीलच्या डब्यात, मध्ये कागद घालून.

सगळ्यात महाग पडणारी चूक म्हणजे कंटेनर लवकर पाठवणं. आपण पोचल्याची सूचना आपला दूतावास तिथल्या परराष्ट्र खात्याला देतो, मग ओळखपत्र, आणि बऱ्याच देशांत त्यानंतरच सामानावरच्या सीमाशुल्काच्या माफीचा अर्ज. कंटेनर आधी पोचला तर यार्डात उभा, आणि त्याचं भाडं रोज चढतं. तेव्हा ओळखपत्राला किती दिवस लागतात हे आपल्या आधीच्या माणसाला विचारा आणि न्हावा शेव्याहून जहाज कधी सोडायचं ते उलटं मोजून ठरवा. मधले आठवडे विमानाने नेलेल्या बॅगांवर काढायचे: एक कुकर, दोन चादरी, मुलांच्या शाळेचे मूळ दाखले. दाखले कंटेनरमध्ये कधीच नाहीत.

जोडीदाराला नोकरी करायची असेल तर त्या देशाशी तसा करार आहे का ते आदेश निघाल्याबरोबर तपासा. करार असला तरी परवानगी लागते, आणि राजनैतिक कुटुंब म्हणून मिळणारं दिवाणी दाव्यांपासूनचं संरक्षण त्या नोकरीपुरतं उरत नाही.

परतताना ओळखपत्र जमा करायचं आणि गाडी विकायची. शुल्कमाफीची गाडी दुसऱ्या दूतावासातल्या माणसाला दिली की कर सहसा टळतो, स्थानिक माणसाला दिली की बसू शकतो. निघायच्या आठवड्यात विकायला काढलीत तर समोरच्याला तुमची घाई कळते.