तुम्ही विचारलंत म्हणून : ‘एवढं लपवून ठेवलं, त्यात होतं तरी काय?’

सांकेतिक लिपींवर बोलायला मी शाळांत, वाचनालयांत, कधी ज्येष्ठ नागरिकांच्या कट्ट्यावर जाते. आयुष्यभर गणित शिकवलं, त्यामुळे फळा मिळाला की हात शिवशिवतात. बोलता बोलता शेवटी मी महानुभाव पंथाच्या सकळ लिपीवर, म्हणजे त्यांनी आपल्या पोथ्यांसाठी वापरलेल्या गुप्त लिपीवर येते. पाचशेहून जास्त वर्षं पंथाबाहेरच्या कुणाला वाचता न आलेल्या पोथ्या, एवढं सांगून होत नाही तोच कुणीतरी हात वर करतं. “बाई, मग शेवटी वाचल्यावर त्यात निघालं काय?”

पोरांच्या डोळ्यांत तेव्हा खजिना असतो. मोठ्यांना एखादा कट हवा असतो, कुठल्या तरी राजघराण्याचं बिंग. वेळ संपत आलेली असते, शिपाई दारात उभा असतो, आणि मी दोन वाक्यांत काहीतरी सांगून निघते. त्याची हळहळ मला घरी पोचेपर्यंत पुरते. म्हणून आज नीट सांगते.

आधी लिपीबद्दल. कोडं म्हणून पाहिलं तर ती अवघड नाही, हे ऐकून लोकांचा हिरमोड होतो. सकळ लिपीत मुख्यतः अक्षरांची अदलाबदल आहे. एका अक्षराच्या जागी दुसरं, काही ठिकाणी मुद्दाम घडवलेलं चिन्ह. ही युक्ती आपल्याकडे फार जुनी आहे. वात्स्यायनाने कामसूत्रात मोजलेल्या 64 कलांमध्ये ‘म्लेच्छितविकल्प’ म्हणजे सांकेतिक लेखन ही एक कला आहे, आणि त्यावरच्या जयमंगला टीकेत यशोधराने ‘मूलदेवीय’ नावाची एक रीत दिली आहे. अ आणि क एकमेकांच्या जागी, ख आणि ग, घ आणि ङ, च आणि ट, त आणि प, न आणि म, ञ आणि ण, र आणि ष, ल आणि स, य आणि श. बाकीची अक्षरं जशीच्या तशी. मुलांना मी हीच आधी शिकवते. ‘ताट’ लिहायला सांगितलं की वहीत ‘पाच’ उमटतं, ‘साप’ लिहिला की ‘लात’. वर्ग डोक्यावर घेतात. दहा मिनिटांत मागच्या बाकावरून पुढच्या बाकावर चिठ्ठ्या धावायला लागतात, आणि त्या मी कधीच पकडत नाही.

अशी अदलाबदल फोडायची कशी, हेही जगाला हजारेक वर्षांपासून ठाऊक आहे. बगदादच्या अल-किंदीने नवव्या शतकात लिहून ठेवलं, की कुठलं चिन्ह किती वेळा येतं ते मोजा आणि भाषेतल्या अक्षरांच्या वापराशी ताडून पाहा. महानुभावांच्या गद्यात तर मोजायचीही गरज पडू नये. त्यात ‘सर्वज्ञें म्हणितलें’, म्हणजे चक्रधरस्वामी म्हणाले, हे दोन शब्द इतक्या वेळा येतात, की सारखी परत परत दिसणारी चिन्हांची ओळ हेरली आणि ती हीच असं धरून चाललं, तर बरीचशी अक्षरं एका फटक्यात हाती लागतील. ल, म, त, ज्ञ. मग उरलेलं शब्दकोड्यासारखं भरत न्यायचं.

मग ही लिपी इतकी शतकं टिकली कशी? माझ्या मते, जो कोड्याचा चाहता इथे थांबून विचार करत नाही, त्याच्या हातून यातली सगळ्यात सुंदर गोष्ट निसटते. लिपी टिकली ती माणसांमुळे. पोथी हातातच पडली नाही तर मोजणार काय? मठात रुमालात बांधलेली पोथी गुरूकडून शिष्याकडे जायची, आणि अक्षरंही गुरूच गिरवून घ्यायचा. बाहेरच्याला पोथी दाखवायची नाही, एवढा एक नेम माणसांनी पिढ्यान् पिढ्या पाळला. गणिताने दिलेलं कुलूप कच्चं होतं, राखणदार पक्के होते.

रिद्धपूरला, महानुभावांच्या विदर्भातल्या तीर्थक्षेत्री, एका वृद्ध महंतांकडे गेले होते, तेव्हाचं बोलणं अजून कानात आहे. “दंडवत प्रणाम, बाबा,” म्हणून बसले. त्यांनी हात धुतले, पोथी सोडली आणि सकळ लिपीतलं पान असं वाचायला लागले, जसं आपण सकाळचं वर्तमानपत्र वाचतो. मी न राहवून विचारलं, “बाबा, तुम्हाला हिची किल्ली कुणी दिली?”

“किल्ली कसली?” ते म्हणाले. “गुरुजींनी पाटीवर अक्षरं काढून दिली, मी गिरवली. तुम्ही बाराखडी शिकलात तेव्हा बाईंकडे किल्ली मागितली होती का?”

मी खरंच गप्प बसले. इतकी वर्षं मी तिला गूढलिपी म्हणत होते. त्या माणसासाठी ते नुसतं अक्षर होतं, लहानपणी गिरवलेलं.

आता ही लपवाछपवी झाली कशाला? इथे एक गोष्ट मला पहिल्यापासून छळत आली आहे. पंथाचे संस्थापक चक्रधरस्वामी गुजरातेतल्या भडोचहून आले आणि तेराव्या शतकात महाराष्ट्रात फिरले ते मराठीत बोलत. त्यांच्यामागे पंथ सांभाळणाऱ्या नागदेवाचार्यांनी तर मराठीचा हट्टच धरला. केशवदेवाने संस्कृतात रचना करायला घेतली तेव्हा, असं केलंस तर माझ्या साध्यासुध्या माणसांचं, म्हाताऱ्यांचं नुकसान होईल, असं म्हणून त्यांनी त्याला थांबवलं. ज्यांना संस्कृत कळत नाही त्या बायाबापड्यांसाठी ज्यांनी भाषा मोकळी केली, त्यांच्याच शिष्यांनी पुढे शंभर वर्षांच्या आत ती कुलपात का घातली?

अभ्यासक दोन कारणं सांगतात. एक म्हणजे शास्त्र अनधिकारी हातात पडू नये. दुसरं म्हणजे भय, आणि मला हे दुसरं जास्त पटतं. पंथातल्या म्हाइंभटाने लिहिलेली लीळाचरित्राची, म्हणजे चक्रधरस्वामींच्या चरित्राची, मूळ प्रत खिलजीच्या स्वारीच्या धामधुमीत गेली, असं परंपरा सांगते. मग ज्यांना जे पाठ होतं त्यावरून ग्रंथ पुन्हा उभा करावा लागला. हिराइसा नावाच्या साध्वीचं पाठांतर त्यात कामी आलं. एकदा असं सगळं हातचं गेलेलं घर दुसऱ्यांदा कडी लावल्याशिवाय झोपत नाही. चौदाव्या शतकात रवळोबासांनी सकळ लिपी घडवली असं मानतात. मागाहून सुंदरी, अंक, शून्य, वज्र, सुभद्रा, मनोहरा अशा आणखी किती लिप्या आल्या. त्यांची संख्या वीसच्या वर जाते. नावं वाचली तरी कळतं, की हे काम करताना त्या माणसांनी त्यात जीव ओतला होता.

लपवण्याची किंमतही त्यांनी मोजली. जे आपल्याला वाचता येत नाही त्यात काहीतरी काळंबेरं असणारच, असं माणसाचं मन लगेच ठरवून टाकतं. काळी वस्त्रं, बंद पोथ्या, न कळणारी अक्षरं. लोकांनी काय काय रचलं असेल! “करणी कसाबाची, बोलणी मानभावाची” ही म्हण आपण शाळेत पाठ केली. मानभाव म्हणजे हेच महानुभाव. ती म्हण आज उच्चारताना मला लाज वाटते. सगळे कटाचे किस्से असेच उगवतात असं मी मुलांना सांगते. बंद दार आधी असतं, गोष्ट आपण मागाहून रचतो. जगात अजून न उलगडलेली वॉयनिच हस्तलिखितासारखी कोडी आहेत. ते ज्या कातड्यावर लिहिलं आहे ते 1404 ते 1438 च्या दरम्यानचं आहे हे प्रयोगशाळेने सांगितलं, पण अक्षरं अजून बोलत नाहीत, आणि म्हणून त्याच्याबद्दल परग्रहवासीयांपासून सगळं काही सांगून झालं आहे. पण तो विषय वेगळा, त्यावर कधीतरी स्वतंत्र बोलू.

दार उघडलं विसाव्या शतकाच्या सुरुवातीला. इतिहासाचार्य राजवाड्यांनी लिपीचा उलगडा केला. ठाण्याच्या वि. ल. भाव्यांनी महंतांकडे जाऊन, त्यांचा विश्वास मिळवून पोथ्या पाहिल्या. हे तेच भावे, ज्यांनी ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय उभं केलं आणि ‘महाराष्ट्र सारस्वत’ लिहिलं. एकाने डोक्याने उलगडलं, दुसऱ्याने ओटीवर बसून मागून घेतलं. मला विचाराल तर दुसरं काम जास्त कठीण. त्यानंतर विदर्भातल्या किती जणांनी आयुष्यं घातली! य. खु. देशपांडे, ह. ना. नेने, आणि 1978 मध्ये लीळाचरित्राची मोठी संपादित आवृत्ती देणारे वि. भि. कोलते. लंडनमध्ये शिकवणाऱ्या रेसाइड यांनी 1970 मध्ये खास सकळ लिपीवर लेख लिहिला.

आणि पंथाच्या या पोथ्या कुठवर गेल्या होत्या माहीत आहे? पंजाबात, पेशावरला, काबूलला महानुभावांचे मठ होते. तिकडे पंथाला जयकृष्णी म्हणत. काबूलमध्ये बसून कुणीतरी जुनी मराठी वाचत होतं, हे मनात आलं की मला आजही हातातलं काम ठेवून बसावंसं वाटतं.

बरं, आता तुमच्या प्रश्नाचं उत्तर. त्यात निघालं काय?

खजिना नाही. कट नाही. निघाल्या आठवणी. चक्रधरस्वामी निघून गेल्यावर म्हाइंभटाला वाटलं, की ज्यांनी त्यांना पाहिलं ती माणसं एकेक करून जातील आणि सगळं बुडेल. म्हणून तो नागदेवाचार्यांना विचारत बसला, मग गावोगाव हिंडला. स्वामी इथे कुणाकडे उतरले, काय जेवले, कुणाला काय बोलले, तेव्हा आणखी कोण होतं? एखाद्या तपास अधिकाऱ्याने साक्षी नोंदवाव्यात तसं त्याने सगळं गोळा केलं, तेच लीळाचरित्र. मला सगळ्यात आवडतं ते पुढचंच. एकाच प्रसंगाबद्दल दोघांना वेगळं आठवलं तर दोन्ही लिहून ठेवायचं, आणि हे कुणाचं तेही सांगायचं. पोथीत अशा पाठभेदाला ‘वासना’ म्हणतात. अमक्याची वासना अशी, तमक्याची तशी. आजच्या रहस्यकथांत शेवटी एकच खरं उत्तर निघतं. इथे सातशे वर्षांपूर्वीच्या माणसांनी, आम्हाला दोन तऱ्हांनी आठवतं, असं कबूल करून दोन्ही जपून ठेवलं. ज्ञानेश्वरीचे पाठ बिघडले म्हणून एकनाथांना 1584 मध्ये शुद्ध प्रत करावी लागली. इथे प्रती करणाऱ्यांनी गोंधळ लपवला नाही, नावानिशी नोंदवला.

आणि त्यातली एक आठवण मी मुलांना सांगते. स्वामी झाडाखाली बसलेले असतात. पारधी सशामागे लागलेले. जीव घेऊन पळणारा ससा येतो तो थेट त्यांच्या मांडीखाली शिरतो. पारधी येऊन थडकतात, आमचा ससा द्या म्हणतात. स्वामी त्यांच्याशी बोलतात, शरण आलेल्याला मारायचं नसतं असं सांगतात. पारध्यांचं मन वळतं, ते सशाला सोडून देतात. मग स्वामी मांडी उचलतात आणि सशाला ‘महात्मे हो’ अशी हाक मारून, आता जा, असं सांगतात.

मागे एका शाळेत सातवीतल्या एका मुलीने मला हाच प्रश्न विचारला होता, निघालं काय? मी तिला हे सांगितलं. पोरं थोडी खट्टू झाली, कुणीतरी “एवढंच?” असं पुटपुटलं. ती मुलगी मात्र उभीच होती.

“बाई, मग ससा गेला?”

“गेला,” मी म्हटलं.

ती बसली. दप्तरातून वही काढली आणि फळ्यावरचा तक्ता बघत ‘ससा’ लिहायला लागली. स च्या जागी ल. तिच्या वहीत दोन अक्षरं उमटली, ‘लला’, आणि तिने ती पुढच्या बाकावर सरकवली.